टवका उडालेला साचा

मित्रांनो, माझ्यात वाकून पाहिलंत तर आतून एक माणूस तुमच्याकडे बघतोय असं वाटेल. दचकू नका. आत कोणी नाही. आहे तो फक्त एका चेहऱ्याएवढा खड्डा. नाकाच्या जागी खड्डा, गालांच्या जागी खड्डा, कपाळाच्या जागी उथळ बशी. मी मुखवटे करायचा प्लास्टरचा साचा आहे. वय अकरा वर्षं. अकरा वर्षांचं मूल म्हणजे कोवळं, पण अकरा वर्षांचा साचा म्हणजे म्हातारा. माझ्या कडा झिजल्या आहेत, पाठीला दोन भेगा आहेत आणि हनुवटीपाशी एक टवका उडालेला आहे. खरी गोष्ट त्या टवक्याची आहे, पण ती मध्ये येते. आधी जन्माचं सांगतो.

माझा जन्म एका स्वयंपाकघरातल्या फरशीवर झाला. त्या घरात दोनच माणसं राहत. नवरा पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. बायको एका शाळेत चित्रकला शिकवायची. शाळेच्याच रस्त्यावर, हाकेच्या अंतरावर, मुलींचं निरीक्षणगृह होतं. ज्या मुलींच्या हातून काही गुन्हा घडला असा आरोप असतो, त्यांना न्याय मंडळाचा निकाल होईपर्यंत तिथे ठेवत. दर गुरुवारी शाळा सुटली की बाई तिथे जाऊन चित्रकला शिकवत.

तिथल्या मुलींना आपली गोष्ट लोकांना सांगायची होती, पण त्यांचा चेहरा कोणाला दाखवायचा नाही असा कायदा आहे. नाव सांगायचं नाही, फोटो काढायचा नाही. कायदा चांगलाच आहे, कारण एकदा चेहरा लोकांच्या लक्षात राहिला की तो पुसता येत नाही. बाईंनी विचार केला, आपण मुखवटे करू. मग प्रश्न आला, साचा कोणाच्या चेहऱ्याचा घ्यायचा? मुलींचा चालणार नव्हता. स्वतःचा घ्यावा तर स्वतःच्या तोंडावर प्लास्टर स्वतः कसं लावणार?

"आडवे व्हा," बाई नवऱ्याला म्हणाल्या.

"इथे? फरशीवर?"

"मग काय गादीवर प्लास्टर सांडू?"

तो आडवा झाला. बाईंनी त्याच्या तोंडाला व्हॅसलीन चोपडलं आणि मोडलेल्या हाडाला गुंडाळतात त्या प्लास्टरच्या पट्ट्या भिजवून एकेक करून चेहऱ्यावर बसवल्या. नाकपुड्या तेवढ्या मोकळ्या ठेवल्या. "वीस मिनिटं हलायचं नाही. बोलायचं नाही. हसायचं तर मुळीच नाही," त्यांनी बजावलं. मग त्या शेजारी बसून भाजी निवडू लागल्या. पाच मिनिटांनी म्हणाल्या, "आज पहिल्यांदा तुम्ही माझं सगळं ऐकून घेताय."

त्याला हसू आलं. त्यानं ते दाबलं, पण ओठाची डावी कड जराशी वर गेलीच. प्लास्टर तेव्हा घट्ट होत होतं. ती कड माझ्यात कायमची राहिली. पुढे माझ्यातून जेवढे मुखवटे निघाले, ते सगळे डाव्या बाजूनं किंचित हसतात. आणि सगळ्यांचं नाक उजवीकडे वाकडं आहे, कारण तरुणपणी पंपाची साखळी सुटून त्याच्या नाकावर बसली होती.

माझ्या पाठीला प्लास्टरचा आणखी एक जाड थर चढला आणि मी कामाला लागलो.

मुखवट्याचं काम असं असतं. आधी माझ्या आतल्या बाजूला साबणाचं घट्ट पाणी लावायचं. एकदा नाही, तीनदा. प्रत्येक वेळी वाळू द्यायचं. मग वर्तमानपत्राच्या पट्ट्या खळीत बुडवून आत चिकटवायच्या. एक थर आडवा, एक उभा, असे पाच थर. पंख्याखाली ठेवायचं. वाळलं की कागद आपण होऊन कडेनं सुटू लागतो. तो सुटेपर्यंत थांबायचं, ओढायचं नाही. बाहेर आला की रंगवायचा.

चेहरा एकच, पण मुली तो असा रंगवत की ओळखू येत नसे. एकीनं निळा केला. एकीनं अर्ध्या चेहऱ्यावर शाळेचं वेळापत्रक लिहिलं. एकीनं फक्त तोंडावर पांढरी पट्टी मारली. मुखवटे भिंतीवर मांडले तेव्हा न्याय मंडळावरच्या एक सदस्य बाई बघायला आल्या होत्या. पांढऱ्या पट्टीपाशी त्या बराच वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, "आमच्यासमोर या मुली एवढं बोलत नाहीत." मला फार बरं वाटलं. बाईंनी त्या दिवशी घरी जाऊन मला ओल्या फडक्यानं पुसलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "तुमच्या थोबाडाचा आज सत्कार झाला."

मुली त्याला पंपकाका म्हणत. तो बाईंना आणायला स्कूटर घेऊन यायचा आणि फाटकाशी उभा राहायचा. खिडकीतून मुली त्याचं नाक बघून खिदळायच्या. "अगं, ओरिजिनल आला बघ!"

आता टवक्याचं सांगतो.

माझ्या नवव्या वर्षी तिथे एक मुलगी आली. वय पंधरा. अंगानं बारीक आणि बोलायला टोकदार, म्हणून बाकीच्या तिला टाचणी म्हणू लागल्या. ती बाईंच्याच शाळेतली होती. गणितात नापास झाल्याचं पत्रक घरी जाऊ नये म्हणून तिनं मधल्या सुट्टीत ते कार्यालयाच्या खिडकीशी जाळलं. पडदा पेटला. शिपाईमामांनी हातानं ओढून पडदा खाली पाडला, त्यात त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. टाचणी तिथून पळाली आणि संध्याकाळी बसस्टॉपवर सापडली. मामांनी आठ वर्षं तिला शाळेच्या फाटकातून आत सोडलं होतं, आणि ती त्यांना तसंच टाकून पळाली होती. हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

पहिल्या गुरुवारी तिनं बाईंकडे पाहिलंसुद्धा नाही. दुसऱ्या गुरुवारी बाईंनी मला तिच्यासमोर ठेवलं. तिनं साबण लावलाच नाही. सरळ कागद चिकटवले आणि पुढच्या गुरुवारी वाळलेला मुखवटा ओढू लागली. तो सुटेना. तिनं मला गुडघ्यांत धरलं आणि हिसका दिला. मुखवटा फाटून निघाला आणि त्याच्याबरोबर माझ्या हनुवटीतला सुपारीएवढा टवका गेला.

टाचणी म्हणाली, "तुटला. आता मलाच बोला. मला सवय आहे."

बाईंनी टवका उचलून पाहिला. म्हणाल्या, "साबण कोणाकडे होता?"

"माझ्याकडे."

"मग तो यापुढे तुझ्याकडेच. इथून पुढचा प्रत्येक मुखवटा तुझ्या हातच्या साबणानं सुटेल."

"आणि हे? याचं काय?"

"याचं काय व्हायचंय? माणसाला हनुवटीवर गाठ असते कधी कधी."

तेव्हापासून माझ्यातून निघालेल्या प्रत्येक मुखवट्याला हनुवटीवर गाठ आहे. माझ्यात खड्डा झाला, मुखवट्याला उंचवटा आला. टाचणीनं त्यानंतर एकदाही साबण चुकवला नाही. दुसरी कुणी माझ्याजवळ आली की म्हणायची, "ए, हात धुऊन ये आधी."

चार महिन्यांनी मंडळानं सांगितलं, शाळा परत घेत असेल तर हिला घरी पाठवू. पुढची तारीख अमुक सोमवारी. शाळेत मात्र पालकांनी सह्या गोळा केल्या. आग लावणारी मुलगी आमच्या मुलींशेजारी बसायला नको. मुख्याध्यापिका वाईट नव्हत्या, पण सह्यांचा कागद त्यांच्या टेबलावर होता आणि त्या तो उचलतही नव्हत्या, ठेवतही नव्हत्या.

बाईंनी दोघींकडून, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका आणि निरीक्षणगृहाच्या मोठ्या मॅडम यांच्याकडून, एका कार्यक्रमाची परवानगी काढली. आठ मुली. चार शाळेच्या, चार निरीक्षणगृहाच्या. प्रत्येकीनं आपल्या हातून झालेली एक चूक कागदावर लिहायची. मग कागद एकमेकींत बदलायचे. आपली चूक आपण सांगायची नाही, दुसरीची सांगायची, आणि ती सांगताना 'मी' म्हणायचं. तोंडावर मुखवटे. समोर शाळेतले पालक. कार्यक्रम तारखेच्या आधीच्या शनिवारी, शाळेच्या सभागृहात.

मुली आठ-दहा गुरुवार सराव करत होत्या. मुखवटे शेवटी करायचे ठरलं होतं. आणि मित्रांनो, इथे बाईच आजारी पडल्या. एका मंगळवारी त्या दवाखान्यात गेल्या, आणि घरी परत आली ती त्यांची पिशवी.

मी तेव्हा कपाटावर होतो. माझ्यावर वर्तमानपत्र झाकलेलं होतं. घरात माणसं आली, बसली, गेली. मग कोणी येईना. पंपकाका कामावर जायचा, येऊन चहा करायचा. सवयीनं दोन कप काढायचा आणि एक परत ठेवायचा. माझ्याकडे तो बघत नव्हता. तीन आठवडे मी तसाच धूळ खात पडून होतो. मला त्याचा राग आला नाही. मी त्याचाच चेहरा आहे, आणि स्वतःचा चेहरा बघायची त्याला तेव्हा इच्छा नसावी.

कार्यक्रमाला अकरा दिवस उरले असताना मोठ्या मॅडमचा फोन आला.

"कार्यक्रम रद्द करावा म्हणते. तुमची हरकत नसेल ना?"

"माझी कसली हरकत," तो म्हणाला. "मला त्यातलं काय कळतंय?"

"एक मुलगी सारखी विचारते आहे. म्हटलं तुम्हाला सांगावं. ती म्हणते, साच्याला साबण कोण लावतंय?"

त्यानं कपाटावर पाहिलं. मग म्हणाला, "रद्द नका करू. मुखवटे मी आणून देतो."

त्यानं मला खाली काढलं, पुसलं. बाईंना घरी मुखवटे करताना त्यानं शंभरदा पाहिलं होतं, पण तो कामावरून यायचा उशिरा. कागद सुटताना त्यानं पाहिला होता, साबण लावताना नाही. फोनवर साबणाचं ऐकलं होतं, पण त्याला वाटलं, पोरींना तिथे दुसरं काय मिळणार, म्हणून साबण. आपल्याकडे चांगला माल आहे. त्यानं पंपाच्या बेअरिंगला लावायचं पिवळं ग्रीस घेतलं आणि माझ्या आत बोटानं चोपडलं.

रोज एक मुखवटा. कामावरून आला की कागद फाडायचा, खळ शिजवायची, थर द्यायचे. सकाळी मुखवटा अलगद सुटायचा. ग्रीसच ते, सुटणारच. आठ दिवसांत आठ मुखवटे दोरीवर लटकले. शेवटच्या दिवशी तो त्यांच्यासमोर स्टुलावर बसला. आठ वाकडी नाकं, आठ गाठी, आठ ओठ डावीकडे वर गेलेले. तो त्या ओठाकडेच बघत होता. मग उठून त्यानं स्वतःचे कामाचे आठ जुने शर्ट धुतले, कारण मुलींना एकसारखे कपडे हवेत असं बाई एकदा म्हणाल्या होत्या.

गुरुवारी त्यानं सगळं निरीक्षणगृहात नेलं. पहिल्यांदाच फाटकाच्या आत आला. शाळेच्या चार मुलीही सरावाला आल्या होत्या. रंग निघाले, ब्रश निघाले. टाचणीनं पहिला फटकारा मारला. लाल रंगाचे थेंब झाले आणि गालावरून ओघळून खाली आले. तिनं मुखवटा नाकाशी नेला.

"काका, हे काय लावलंय?"

"ग्रीस. एक नंबरचं आहे. निघाला ना बरोबर?"

"निघाला, पण रंग कसा धरणार? ग्रीसवर रंग बसतो का कधी?"

"ते मला काय माहीत?"

"साबण लावायचा असतो, साबण! तीनदा! तुम्हाला बाईंनी काही शिकवलं नाही का?"

सगळ्या मुली टाचणीकडे बघू लागल्या. पंपकाका खाली मान घालून म्हणाला, "शिकवत होती. मी ऐकत नव्हतो."

टाचणीनं ब्रश ठेवला. पुसून पाहिलं, खडू घासून पाहिला, काही उपयोग झाला नाही. ग्रीस कागदात मुरलं होतं. नवे करायला दिवस उरले नव्हते.

"असेच घालू," ती शेवटी म्हणाली.

"बिनरंगाचे?" शाळेची एक मुलगी म्हणाली. "सगळ्या एकसारख्या दिसू. काही गंमतच नाही."

"दिसू दे. आणि काका, ते रडणं नंतर. आधी गाठी मारायला सुतळी द्या."

शनिवारी सभागृह भरलं. मीही होतो, पंपकाकाच्या मांडीवर, पिशवीत. मुखवट्यांचा साचा म्हणून मला शेवटी दाखवायचं ठरलं होतं. पहिल्या रांगेत शिपाईमामा बसले होते. उजव्या हातावर लांब बाहीचा शर्ट. मोठ्या मॅडमनी सुरुवातीलाच चिठ्ठ्यांचा नियम सांगितला, की जी बोलेल ती चूक तिची नाही. मग आठ मुली रांगेत येऊन उभ्या राहिल्या. डोक्याला रुमाल, अंगात ढगळ शर्ट, तोंडावर वर्तमानपत्राचे आठ चेहरे. एकाच्या कपाळावर हवामानाचा अंदाज होता, एकाच्या गालावर अर्धी जाहिरात. बाकी फरक नाही.

एक म्हणाली, "मी धाकट्या भावावर काच फोडल्याचा आळ घेतला. त्याला मार बसला. मी बघत होते." दुसरी म्हणाली, "मी दुकानातून मोबाइल उचलला. दोन दिवस गादीखाली ठेवला. एकदाही चालू केला नाही." तिसरी म्हणाली, "मी मैत्रिणीचा फोटो सगळ्यांना पाठवला. तिनं शाळा सोडली." सहावी पुढे आली आणि म्हणाली, "मी पत्रक जाळलं. मला वाटलं कागदच जळेल. मामांचा हात जळला आणि मी पळाले. मला त्यांचं ओरडणं ऐकू आलं होतं. मी तरी पळाले. मला त्यांना सॉरी म्हणायचंय, पण मला भेटायची परवानगी नाही."

शिपाईमामांनी बाही सारखी केली.

मोठ्या मॅडम म्हणाल्या, "यांतल्या चार मुली या शाळेत शिकतात आणि चार आमच्याकडे राहतात. आमच्या मुलींचे चेहरे मी दाखवू शकत नाही. तुम्हाला वाटत असेल की त्या पाहताक्षणी कळतात, तर ओळखा."

चष्मा लावलेले एक पालक उठले. सह्यांच्या कागदावर पहिली सही त्यांचीच होती. "न कळायला काय झालं? वळण लपतं का कुठे?" ते स्टेजजवळ गेले आणि निरखू लागले. "ही एक. ही नक्की. आणि ही तिसरी. बघा, कशी एका पायावर रेलून उभी आहे. घरात कोणी सांगितलंच नसणार, नीट उभं राहा म्हणून."

तिसरीनं दोन्ही पायांवर वजन घेतलं. मग सुतळी सोडली आणि मुखवटा वर केला. "घरात रोज सांगता की, बाबा," ती म्हणाली.

आधी मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. मग सगळं सभागृह हसलं. ते पालक तसेच उभे राहिले. त्यांनी चष्मा काढून पुसला. हसले नाहीत, पण जागेवर जाऊन बसले.

तेवढ्यात शिपाईमामा उठले. "मला ओळखू आली," ते म्हणाले.

हसू थांबलं. मुख्याध्यापिका घाईनं म्हणाल्या, "मामा, सांगू नका. कायदा आहे."

"सांगायला कुठे निघालोय? आठ वर्षं फाटकातून येताना पाहिलंय. कुठली ते मला कळलंय आणि माझ्यापाशीच राहणार आहे. हात भाजलाय माझा, डोळे शाबूत आहेत." त्यांनी जरा दम घेतला. "माझ्या हातानं आता घंटा नीट वाजत नाही. डाव्यानं देतो. पण ती सगळ्यांसाठी देतो, एकीला वगळून कशी द्यायची ते मला येत नाही. मुख्याध्यापक बाई, मंगळवारी पावणेअकराला घंटा होईल. पट काय ठेवायचा तो तुम्ही बघा."

एवढं बोलून ते बसले. आठ मुखवट्यांपैकी एकाच्या आतून हुंदका आला. कुठल्या ते प्रेक्षकांना कळलं नाही, कारण आठही चेहरे तसेच, डावीकडून जरासे हसणारे. मला कळलं. पंपकाकालाही कळलं असावं, कारण त्यानं पिशवीतून माझी कड घट्ट धरली.

सोमवारी मुख्याध्यापिकांचं पत्र मंडळाकडे गेलं आणि मंडळानं टाचणीला घरी पाठवलं. मंगळवारी पहिला तास गणिताचा होता. टाचणी त्याला बसली आणि त्या वर्षी गणितात पुन्हा नापास झाली. पत्रक तिनं स्वतः घरी नेलं.

याला दोन वर्षं झाली. दर गुरुवारी पंपकाका मला घेऊन निरीक्षणगृहात जातो. टाचणी शाळेतून परस्पर येते. आता ती बाकीच्या मुलींना शिकवते आणि तो पट्ट्या फाडून देतो. ती त्याला अजूनही साबणाला हात लावू देत नाही. "काका, तुम्ही फक्त तोंड द्यायचं. ते देऊन झालंय," असं म्हणते. एकदा तो म्हणाला होता, हा टवका प्लास्टरनं भरून टाकू या का. ती म्हणाली, "मग तो कोणाचा साचा राहील?" त्यानं पुन्हा तो विषय काढला नाही. कधी सगळ्या गेल्या की तो मला खिडकीपाशी नेतो आणि माझ्या ओठाच्या डाव्या कडेवरून अंगठा फिरवतो. तिथलं प्लास्टर आता गुळगुळीत झालंय.

मित्रांनो, मी आणखी फार वर्षं टिकणार नाही. ते ग्रीस माझ्यात मुरलंय आणि उन्हाळ्यात अजून पिवळं पाझरतं. माझ्यासाठी काही मोठं करायला नको. मला कोरडं ठेवा. दर वेळी साबण लावा, तीनदा, आणि प्रत्येक हात वाळू द्या. चिकटलेला कागद हिसकू नका. पंख्याखाली ठेवून थांबा, कोणाचा दोन दिवसांत सुटतो, कोणाचा चार. तेवढं थांबलात तर टवका उडालेल्या साच्यातूनही पूर्ण चेहरा निघतो. हनुवटीला गाठ असेल, एवढंच.